सुपारी बाकी आहे

भिजलेल्या काताचा वास आला की मला अंबरनाथच्या घराची ओटी आठवते. वडील कारखान्यात दुपारपाळीला जायचे, पण जेवणानंतरचा विडा त्यांना सावकाशच लागे. फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात राहायला आलेले एक सिंधी काका पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन दारावर येत. ते मात्र कधी बसत नसत. “टाइम नहीं है, साहब,” म्हणत उभ्याउभ्याच कापड दाखवत. एकदा वडील म्हणाले, “बसा हो शेठ, विडा होतोच आहे.” काका कसेबसे ओटीच्या कडेला टेकले. वडिलांनी पानं पुसली, शिरा काढल्या, चुना लावला. ते अडकित्ता उचलणार तोच काकांनी हात पुढे केला. “हमारे बाबा भी ऐसे ही बैठते थे, उधर, आंगन में,” एवढंच बोलून ते सुपारी कातरू लागले, अगदी बारीक, एकेक कातर निरखत. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. वडील उठायला लागले, तर काका मान वर न करताच म्हणाले, “बैठो साहब, अभी सुपारी बाकी है.” वडील पुन्हा बसले. पाळीला उशिरा जाताना मी त्यांना तेवढंच एकदा पाहिलं. तो अडकित्ता आता माझ्याकडे आहे. कुणी फार घाईत आलं, की मी सुपारी मुद्दाम आणखी बारीक कातरते.