वेला बुरुजावरची शेवटची रांग

आमच्या ग्रानादात दोन जानेवारीला अल्हाम्ब्रा किल्ल्याच्या वेला बुरुजावरची घंटा सगळ्यांसाठी खुली असते. जी बिनलग्नाची बाई ती वाजवील तिचं वर्षाच्या आत लग्न होणार, असं आम्ही मानतो. न मानणाऱ्याही हळूच दोराला हात लावून येतात.

माझी शेजारीण अंगुस्तियास हीच गोष्ट पर्यटकांना सांगून पोट भरते. लाल छत्री उंच धरून ती त्यांना सिंहांच्या चौकातून हिंडवते, जाता जाता राजे मारते, राण्या रडवते आणि शेवटी बुरुजावर नेते. स्वतः मात्र साठी आली तरी दोराला बोट लावलेलं नाही. "कामावर आहे मी," म्हणायची. खरं कारण तिथेच उभं असायचं: बुरुजावरचा पहारेकरी सेराफिन. रांग सांभाळताना तो दर वर्षी विचारायचा, "काय बाई, यंदा?" आणि ही लाजून पर्यटक मोजायला लागायची. दोघांनाही ओढ, आणि दोघंही तोंडात गुळणी धरून! मला तर संताप यायचा.

यंदा सेराफिन निवृत्त होऊन बहिणीकडे आल्मेरियाला राहायला निघाला होता. ही त्याची शेवटची रांग. सकाळीच मी अंगुस्तियासच्या दारात उभी राहिले.

"सुट्टी आहे ना आज? मग चल."

"लोक हसतील गं, आसुन्सिओन."

"हसू देत. तो गेल्यावर रडत बसलीस तर मी डोळे पुसायला येणार नाही, सांगून ठेवते."

निघाली खरी, पण घाबरून सवयीने छत्री उंच धरली. चढावर मागे वळून बघतो तर परक्या पर्यटकांचा अख्खा घोळका आमच्या मागे, कॅमेरे सरसावून!

"अहो, मी आज गाइड नाही!" ती परोपरीने सांगत होती. कोणी हलेना. अशी वरात घेऊन आम्ही बुरुजावर पोचलो. मला इतकं हसू येत होतं की चढवत नव्हतं.

तिची पाळी आली. छत्री माझ्याकडे देऊन तिने दोर धरला, तसा सेराफिन गोरामोरा झाला. कोण भेटला हिला, हेच त्याच्या मनात आलं असणार.

"बाई, तीनच टोले हं," तो कसाबसा म्हणाला. "मागे रांग आहे."

तिने तीन टोले दिले. मग चौथा दिला. पाचवाही.

"अहो बाई, तीनच! नियम आहे!"

"माझे तीन झाले," दोर न सोडता ती म्हणाली. "हे तुमच्या वाटणीचे."

वरातीला भाषा कळली नसेल, पण टाळ्या मात्र बरोबर वेळेवर पडल्या. सेराफिनने टोपी काढून माझ्या हातात दिली.

"जरा रांग सांभाळा," मला म्हणाला, आणि तिच्या हाताशेजारी दोर धरला. "माझे मला वाजवू दे, अंगुस्तियास."

मी रांग सांभाळली. टोले काही मोजले नाहीत.