थायरॉईडची गोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही मला नीट कळत नाही.

माझा नवरा ट्रक चालवायचा. त्याला एचआयव्ही निघाला. माझी तपासणी मात्र चांगली आली. डॉक्टरांनी त्याला औषध सुरू केलं, आणि मलाही रोजची एक गोळी दिली — लागण होऊ नये म्हणून. मला नवलच वाटलं. रोग नाही, तर औषध कशाला? ही एवढीशी गोळी आत जाऊन अडवते तरी कसं? मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारायची, तेही न कंटाळता समजावायचे. घरात मात्र मी ती थायरॉईडची म्हणून सांगितली.

सडक अर्जुनीजवळ आमचं घर, एका अंगणात दोन चुली. दुसरी चूल माझ्या धाकट्या जावेची, वनिताची. तिचा नवराही रायपूरच्या गाडीवर. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आम्ही दोघी बांधावर भात खात बसलो होतो. ती हळूच म्हणाली, "ताई, हे बाहेर कुठं कुठं जातेत, मले भेव लागून राहिला. आपल्याले काही होऊ नये, अशी गोळी रायते का?"

तिनं मलाच का विचारलं? तिला काही कळलं होतं का? मी अजून विचार करते.

मी म्हणाले, "अशी कुठं गोळी रायते? कायले नाही ते डोक्यात घेतेस?"

ती हात धुऊन पुन्हा चिखलात उतरली.

पुढं तिला दिवस राहिले, तेव्हाच्या तपासणीत लागण निघाली. लगेच औषध सुरू झालं म्हणून मुलगी निरोगी जन्मली. बाळाला मांडीवर घेऊन वनिता मला म्हणाली, "ताई, आता मीपण रोज गोळी खातो. तुमच्यासारखी."

मी म्हणाले, "वेळेवर खात जा."

मी खोटं का बोलले? घराची अब्रू, माझ्या मुलीचं लग्न — ही भीती होतीच. पण तेवढंच होतं का? त्या दिवशी बांधावर तिचा भेव ऐकून मला क्षणभर बरं वाटलं होतं — हे माझ्या एकटीच्याच वाट्याला नाही म्हणून. ते बरं वाटणं कुठून आलं, मला ठाऊक नाही.

मला माहीत होतं, आणि मी नाही म्हणाले. वनिताला मी अजूनही सांगितलेलं नाही.