दुसरा आवाज

माझी वहिनी गोड बाई आहे असं कोणी म्हणालं, तर समजायचं की त्यानं तिला फक्त गाताना ऐकलंय. तिच्या जिभेला हाड नाही आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हापासून मी तिला ओळखतो, पण एकदाही तिनं मला ‘छान वाजवलंस’ म्हटलेलं नाही. मी ड्रम वाजवतो. फार काही बिघडलं नसेल तर ती ‘चाललं’ म्हणते, आणि मी त्यातच दोन दिवस खूश असतो.

ती चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे आरसे, दिवे, काउंटरवाली बाई आणि तिचं हसू. मागच्या खोलीत घासायचं यंत्र, पाण्याची धार, काचेचा पांढरा गाळ आणि माझी वहिनी. गोल काच फ्रेमच्या मापात घासायची, कडेची धार हातानं मोडायची, फ्रेम गरम हवेवर जरा नरम करून काच आत बसवायची. नवा चष्मा घालून गिऱ्हाईक भांडायला येतं की माझा नंबर वाढलेलाच नाही, तुमचीच काच चुकली. वहिनी म्हणते, केस गेले तर माणसं सोसतात, दात पडले तरी सोसतात, पण नंबर वाढला म्हटलं की अंगावर येतात. हे ती माझ्या भावाकडे बघून का म्हणायची, ते मला फार उशिरा कळलं.

भाऊ म्हणजे माझा थोरला. टायरचं दुकान त्याचं, मी त्याच दुकानात कामाला, म्हणजे दिवसा त्याचे टायर बडवायचे आणि संध्याकाळी त्याच्या ग्रुपसाठी ड्रम. गायक तो, गाताना गिटारही छेडायचा. बास गिटारवर जाड्या, हा आमचा जुना शेजारी. वहिनी गिटार वाजवायची आणि दुसरा आवाज द्यायची, म्हणजे थोरला गाईल त्याच्या अंगानं, जरा वेगळ्या सुरात, त्याला उचलून धरत. निम्मी गाणी तिनंच रचलेली, पण स्टेजवरून ‘आमचं गाणं’ असं थोरला सांगायचा. त्या ‘आमचं’मध्ये ती कुठे बसते, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

आमच्या ग्रुपचा एक नियम होता. वाद्यांच्या खुंट्यांना वहिनीशिवाय कोणी हात लावायचा नाही. नियम थोरल्यानंच केलेला. एकदा जाड्यानं स्वतःच बास लावली आणि अख्ख्या कार्यक्रमाची माती झाली, तेव्हापासून. वहिनी आधी येऊन सगळी वाद्यं लावून ठेवायची, आम्ही नुसतं उचलून वाजवायचं. आयतं मिळालं की कोण विचारतो? जाड्या एकदा म्हणालाही, की हल्ली तारा सैल लागतात. जुन्या झाल्यात, असं ती म्हणाली आणि विषय मिटला.

थोरल्याची घमेंड एकाच गोष्टीची, ती म्हणजे आवाज. वय झालं तसं गायक पट्टी खाली घेतात, वरचं जमेनासं झालं की गाणं एक पायरी उतरवून गातात. यात लाज कसली? पण थोरला असा गायक दिसला की पुढच्या रांगेत बसून हसायचा. मी पंचविशीत जिथे गात होतो तिथेच आजही गातो, असं तो टायर घ्यायला आलेल्या माणसालाही ऐकवायचा. आणि वर सांगायचा, की ज्या दिवशी मला पट्टी उतरवावी लागेल, त्या दिवशी गाणं बंद.

वहिनीला पॉवर-पॉप करायचं होतं. ते काय असतं, असं मी विचारलं, तर म्हणाली की गाणं तीन मिनिटांत संपलं पाहिजे, गिटार दणदणीत हवी, चाल अशी हवी की भांडण झालेली शेजारीणही चोरून गुणगुणेल, आणि दोन आवाज खांद्याला खांदा लावून. थोरल्याचं गाणं दहा मिनिटांच्या आत कधी संपलेलं मला आठवत नाही. तिनं काचेवर एक गाणं रचलं होतं. शेवटच्या ओळीला चाल एकदम वर उडी घेते. थोरला ते रेंगाळत, डोळे मिटून गायचा, आणि ते गाणं म्हातारं होऊन बाहेर पडायचं. तिचं मागणं एकच होतं, की हे एक गाणं तरी मला गाऊ दे, मला हवं त्या वेगात आणि माझ्या उंचीवर.

तिनं ते एका सरावाला सगळ्यांसमोर मागितलं. थोरला हसला. म्हणाला, “दुसरा आवाज चवीपुरता असतो. मीठ कोणी वाटीभर खातं का?”

जाड्याही हसला, कारण जाड्या कशालाही हसतो. वहिनीनं गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि शांतपणे सांगितलं की आजपासून मी या ग्रुपमध्ये नाही. ती शांत झाली की मला भीती वाटते. थोरल्याला मात्र कधीच वाटली नाही.

“जा,” तो म्हणाला. “दुसरा आवाज बाजारात किलोनं मिळतो.”

ग्रुप सोडला, नवरा नाही. तीच तर पंचाईत झाली. एका छताखाली दोन ग्रुप, आणि मधे मी. त्याला सांग डाळ संपली. तिला सांग मला दिसतंय. जेवायला दोघं समोरासमोर बसायचे आणि मीठ माझ्याकडे मागायचे. मला दोघांचाही इतका राग यायचा, की मी वर जाऊन उशीवरच ताल धरायचो. सरावाची जागा म्हणजे टायरच्या दुकानामागचं गोदाम. थोरल्यानं त्याला नवं कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. बायकोशी भांडण आणि किल्ली गळ्यात, बघणाऱ्याला वाटावं हा तुरुंगाचा शिपाई.

मग वहिनीनं काच घासायच्या खोलीत ग्रुप उभा केला, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी. बास वाजवायला फ्रेमा पुरवणारा माणूस. ड्रमसाठी तिनं आधी मला विचारलं. मी म्हटलं, वहिनी, मी दादाच्या दुकानात पगार घेतो. ती म्हणाली, “लोकांच्या टायरात भरून भरून तुझीच हवा गेली.” आणि काउंटरवाल्या बाईला घेतलं. तिचा हात वाईट नाही. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.

अडलं ते दुसऱ्या आवाजाशी. आलेल्या प्रत्येकीला वहिनीनं परत पाठवलं. ही घशातून गाते, ती नाकातून, तिसरी तर नुसती फोटोसाठी आलीय. एका सकाळी ती स्वयंपाकघरात काचेचं गाणं गुणगुणत भांडी घासत होती आणि बाहेर माझी आई भाजी निवडत होती. या सासू-सुनेमधून विस्तव जात नाही. वीस वर्षं दोघी एकमेकींना पाण्यात बघतायत, आणि कारण विचारलं तर दोघींनाही आठवत नाही. तर त्या दिवशी आईनं मान वर न करता भाजीच्या ताटावरून दुसरा आवाज लावला. वहिनीचा हात भांड्यावरच थांबला, गाणं मात्र चालू राहिलं. शेवटची ओळ वर गेली, आईही तिच्यामागे वर गेली, आणि मी जिन्यात उभ्या उभ्या शहारलो. खोटं कशाला बोलू.

थोरल्याला कळलं तेव्हा तो आईला म्हणाला, तूसुद्धा? तुझं तर हिच्याशी पटत नाही.

“नाहीच पटत,” आई म्हणाली. “सूर पटतो. आणि तू मला कधी विचारलंस रे, गातेस का म्हणून?”

बाजारातल्या दुकानदारांचा वर्षाचा कार्यक्रम जवळ आला. दोन्ही ग्रुपांची नावं यादीत, आधी आम्ही, लगेच मागून वहिनीचा ग्रुप. थोरल्यानं मुद्दाम काचेचं गाणं शेवटी ठेवलं, म्हणजे त्यांना तेच गाणं गावं लागलं तर लोक म्हणतील, हे तर आत्ताच ऐकलं. वहिनीच्या जागी त्यानं मोबाइल दुरुस्त करणारा एकजण घेतला होता. हा गुणी माणूस सरावाला जाड्याच्या बासवरून कानानं आपली गिटार जुळवून घ्यायचा, त्यामुळे सगळं सुरळीत चाललेलं. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र त्यानं हौसेनं सगळ्यांच्या तारा नव्या घातल्या, आणि हॉलमध्ये गोंगाट म्हणून सूर मोजायचा ट्यूनर लावून, काटा बघून, सगळी वाद्यं नीट लावली. खुंट्यांचा नियम त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

पहिल्याच गाण्याला थोरल्याच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. दुसऱ्याला तो दोनदा पाणी प्यायला. मला मागून त्याची फक्त मान दिसत होती, लाल झालेली. तिसरं आलं, काचेचं. शेवटच्या ओळीला चाल वर गेली, आणि आवाज गेलाच नाही. फाटला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा फाटला. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं, अगदी थोरला हसायचा तसंच.

पडद्यामागे येताच थोरला मोबाइलवाल्याच्या अंगावर धावून गेला, की वाद्यं चुकीची लावलीस. त्या बिचाऱ्यानं ट्यूनर पुढे धरला. काटा बरोबर मधे. जगात सगळे इथेच लावतात, तो म्हणाला.

“मग आम्ही इतकी वर्षं कुठे वाजवत होतो?” जाड्यानं विचारलं. त्याच्या आयुष्यातला हा एकमेव शहाणा प्रश्न असेल. वहिनी गिटार गळ्यात अडकवून तिथेच उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

“एक सूर खाली,” ती म्हणाली. “आधी अर्धा उतरवला होता. मग आणखी अर्धा.”

थोरल्यानं विचारलं, “का?”

“वर पोचत नव्हतास म्हणून.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर गाणं बंद केलं असतंस. सगळ्या बाजाराला सांगून ठेवलं होतंस ना.”

माझा भाऊ मला आवडतो असं मी कधी म्हटलेलं नाही, आणि त्या क्षणीही आवडला नाही, पण त्याचा चेहरा मला बघवला नाही. ज्या आवाजावर तो उभ्या जगाला तुच्छ लेखत होता, तो आवाज बायकोनं गुपचूप टेकू लावून उभा ठेवलेला. बाहेर त्यांच्या ग्रुपचं नाव पुकारलं. थोरला पुढे झाला आणि वहिनीचा दंड धरून खालच्या आवाजात म्हणाला, “ते गाणं आज नको.”

लग्नानंतर त्यानं तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं असेल. तिच्याकडे दुसरी गाणी होती. ते एक गाळलं असतं तर लोक थोरल्याचा घसा बसला होता म्हणून सोडून देणार होते. पण त्याच उंचीवर ते कोणी गाऊन दाखवलं, की झाकायला काही उरणार नव्हतं. वहिनीनं आपला दंड सोडवला.

“मीही असंच एक गाणं मागितलं होतं,” ती म्हणाली. मग आईकडे वळली. “चला आई. पदर नीट घ्या, तारेत अडकेल.”

“मला कळतं,” आई म्हणाली.

त्यांनी तेच पहिलं घेतलं. तीन मिनिटांत संपलं. मला वाटलं होतं की थोरला निघून जाईल, पण तो पडद्याच्या कडेला उभा राहिला. शेवटच्या ओळीला त्या दोघी, एकमेकींकडे ढुंकूनही न बघता, वर गेल्या आणि वरच राहिल्या. मग टाळ्यांनी छप्पर दणाणलं. पुढच्या रांगेतला तो हसणारा थोरल्याला शोधत मागे वळून बघत होता.

त्यानंतर बरेच दिवस थोरल्यानं गिटारला हात लावला नाही, दुकानात गिऱ्हाइकांशीही बोलला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे पीळ गेला की काय, अशी मला धास्ती. वहिनीनं त्याची विचारपूस केली नाही. ती सराव करायची, काचा घासायची आणि डाळ संपली की मला सांगायची.

मग एका सुट्टीच्या सकाळी तो आपली गिटार घेऊन खाली आला आणि तिच्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवली.

“लावून दे,” तो म्हणाला. “पहिल्यासारखी.”

आई भाजी निवडायची थांबली. वहिनीनं ओले हात पुसले, गिटार मांडीवर घेतली आणि एकेक तार छेडत खुंट्या फिरवायला लागली. बराच वेळ लागला. आज तिनं प्रत्येक तार त्याला ऐकवली. मग गिटार त्याच्यापुढे सरकवली.

“पहिल्यासारखी नाही. आणखी अर्धा सूर उतरवलाय,” ती म्हणाली. “आता तेवढा लागेल तुला. या वेळी सांगून करतेय.”

मी मनात म्हटलं, झालं, आता गिटार भिंतीवर फुटणार. थोरल्यानं ती उचलली. तार छेडून बघितली, कान जवळ नेला, पुन्हा छेडली. घशातल्या घशात एक सूर लावला. लागला.

“आणि दुसरा आवाज?” त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं.

वहिनी परत भांड्यांकडे वळली होती.

“बाजारात बघ,” ती म्हणाली. “किलोनं मिळतो.”

तो गिटार घेऊन जिना चढायला लागला. गळ्यातली गोदामाची किल्ली त्यानं काढून टेबलावर ठेवली होती. वहिनीनं ती उचलली नाही. संध्याकाळी टेबल पुसताना आईनं ती उचलून वहिनीच्या चष्म्याच्या डबीत टाकली.