विमानाच्या पंखाला हात कोणी लावला?

त्या प्रकरणाचा पंचनामा आठवला की मला अजूनही एकट्यालाच हसू फुटतं. मग सौ. स्वयंपाकघरातून विचारते, "पुन्हा ते विमान का?" हो, पुन्हा तेच. पोलिसातल्या उभ्या नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणुकी पुष्कळ पाहिल्या. विमानाशी छेडछाड झाल्याची तक्रार मात्र एकदाच आली.

तक्रारदार बाई साठी ओलांडलेल्या. तरुणपणी त्या विमान चालवायला शिकवायच्या. शहराच्या कडेला, एका खासगी धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं जुनं, दोन आसनांचं, कापडी पंखांचं विमान होतं. दुरुस्ती होत आली होती. आठवड्याभरात तपासणी अधिकारी येणार होते, आणि ते पास झालं की बाई स्वतः उडवणार होत्या.

"पण रोज कोणीतरी कंट्रोल बिघडवतंय," बाई म्हणाल्या. "ज्या विमानाचा भरवसा नाही त्यात मी बसणार नाही आणि कोणाला बसू देणार नाही. मग ते त्या हॉटेलात टांगलेलंच बरं."

खराडीतल्या एका हॉटेलवाल्याला ते विमान छताला टांगून खाली टेबलं मांडायची होती. हे गिऱ्हाईक आणलं होतं बाईंच्या भाच्याने. मी स्टेशन डायरीत नोंद करून घेतली आणि भाच्याचं नाव मनात अधोरेखित केलं.

पंचनाम्याला गेलो. विमानाच्या प्रत्येक पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी एक फळी असते, तिला एलेरॉन म्हणतात. वैमानिकाने पुढची दांडी डावीकडे कलवली की एक फळी वर जाते, दुसरी खाली, आणि विमान कलतं. दांडीपासून फळीपर्यंत पोलादी तारदोर जातो. तो ताणायला किंवा सैल करायला मध्ये एक स्क्रूचा सांधा असतो, टर्नबकल. माप जुळलं की तो फिरू नये म्हणून बारीक तारेने बांधून टाकतात. बाईंची तक्रार अशी की, दांडी मधोमध बांधून ठेवली असताना सकाळी फळ्या पंखाच्या रेषेत दिसायच्या आणि संध्याकाळी केसभर खाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेषेत.

आमच्या लेखनिक हवालदाराने हे सगळं "पंखाचे मागील बाजूची हलती फळी, अंदाजे बोटाच्या पेरापेक्षा कमी खाली" असं उतरवलं. पंच म्हणून बोलावलेला चहावाला वाकून म्हणाला, "साहेब, आमच्या कपाटाचं दार याच्यापेक्षा जास्त लोंबतं. त्याची तक्रार घेता का?"

तेवढ्यात खबर मिळाली. शेडच्या रखवालदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं की, भाचा मागच्या रविवारी टेप घेऊन विमानाभोवती फिरत होता. झालं, भाच्याला हिंजवडीहून बोलावून घेतलं. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच, चेहरा पांढरा.

"सर, आय स्वेअर, मी फक्त विंग्स मेजर करत होतो. हॉटेलचं सीलिंग लहान आहे."

"आणि टर्नबकल?"

"ते काय असतं?"

मी त्याला विमानापुढे उभं करून टर्नबकल दाखवायला सांगितलं. त्याने पूर्ण विश्वासाने चाकाकडे बोट दाखवलं. इतका प्रामाणिक अडाणीपणा नाटक करून आणता येत नाही. तरीही विमानाच्या कंट्रोलशी खेळणं म्हणजे जिवाशी खेळणं. गुन्हा दाखल झाला असता तर पोराची नोकरी गेलीच असती. दुसरा संशयित मात्र दिसेना.

मग मी भिंग घेऊन ती बारीक तार पाहिली. गुन्हेगाराने सांधा फिरवून झाल्यावर नवी तार सुबक पिळून बांधली होती. एवढंच नाही, तारेचं टोक आत वळवलं होतं, पुढे हात घालणाऱ्याच्या बोटाला टोचू नये म्हणून. मी तिथेच स्टुलावर बसलो. विमान पाडायला निघालेला माणूस दुसऱ्याच्या बोटांची काळजी कशाला घेईल? हे काम विमानावर जीव असणाऱ्याचं होतं.

असे दोघे होते, बाईंसाठी विमानाची दुरुस्ती करणारे, दोघेही निवृत्त तंत्रज्ञ. नावं सांगत नाही. एकाला मिशीवाले म्हणू, दुसऱ्याला चष्मेवाले. कंट्रोलला एकाने हात लावला की दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासायचं, असा या कामाचा नियम. पण मिशीवाल्यांना चष्मेवाल्यांच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसवलं नव्हतं, तेव्हापासून बोलणं बंद. म्हणून मिशीवाले विश्रांतवाडीहून सकाळी यायचे आणि चष्मेवाले दुपारनंतर. दोघांचा जबाब झालाच होता. "छेडछाड केली का?" या प्रश्नावर दोघेही संतापले होते, आणि ते खरंच बोलत होते.

दोघांना मी समोरासमोर बसवलं, चहा मागवला आणि प्रश्नच बदलला. अगदी कौतुकाने विचारलं, "या फळ्या इतक्या छान नीट कोणी करून ठेवल्या हो?"

"मी," दोघेही एकदम म्हणाले.

मग बोलणं बंद असलेली ती दोन माणसं तासभर थांबेनात. मिशीवाल्यांच्या मते फळ्या पंखाच्या रेषेतच हव्यात. चष्मेवाल्यांच्या मते उडताना हवा त्यांना उचलते, म्हणून जमिनीवर किंचित खाली ठेवायच्या. निर्मात्याच्या पुस्तकात दोन्हीला मुभा होती. तपासायला आलेला प्रत्येकजण मुकाट्याने सांधा फिरवून दुसऱ्याची चूक पोटात घालत होता.

"अहो, मग सांगायचं ना," मिशीवाले म्हणाले.

"कोणाला सांगणार? तुम्ही बोलत होता का?"

भाच्याला मी सोडलं. टेपही परत दिला. बाईंनी दोघांना समोर बसवून एक माप ठरवलं, विमान पास झालं. पुढे दुसऱ्या मापाचीही रीतसर तपासणी होऊन तसंही एक उड्डाण झालं. दोन्ही वेळा खाली ते दोघे माना वर करून शेजारी शेजारी उभे होते.

त्यानंतर चौकशीत मी "कोणी बिघडवलं" हे शेवटी विचारू लागलो. बिघडवणारा कोणीच नसतो. सुधारणारे मात्र, विशेषतः आपल्या पुण्यात, हात वर करून उभे असतात. या युक्तीने किती सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांची भांडणं मिटवली, ते विचारू नका.

एक चौकशी मात्र माझ्याकडून अर्धीच राहिली. कोणत्या मापाने विमान जास्त सरळ गेलं, ते मी बाईंना खाजगीत विचारलं.

"मला चांगलं कळलंय," त्या म्हणाल्या. "पण सांगितलं तर उद्यापासून एकजण यायचा बंद होईल."

मी जबाब घेतला नाही.