उपडे कागद

धाकटी गेली तेव्हा भेटायला आलेले सगळे एकच म्हणत होते, फार सोशीक होती हो. काहीतरीच. माझी सख्खी बहीण, मला ठाऊक आहे. ती हट्टी होती, खडूस होती आणि कामावरच्या खुर्चीत तिचा जीव होता.

नवरा गेल्यावर ती रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागली. डॉक्टर आकडे खरडून द्यायचे. ही ते वर्डमध्ये टाइप करायची, छापायची आणि काउंटरवर माणसांच्या हातात द्यायची. पहिलं पान लॅबचं नाव असलेल्या जाड कागदावर, दुसरं साध्यावर. खोली एवढीशी, त्यात पंख्याचं तोंड प्रिंटरकडे. स्वतः घामाघूम, पण "माझा प्रिंटर तापतो" म्हणायची. मुलीचं लग्न तिनं त्याच खुर्चीच्या जिवावर केलं.

जावई प्रोग्राम लिहिणारा. नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढला आणि गिऱ्हाईक मिळेना. मग हिनंच डॉक्टरांकडे शब्द टाकला, आमच्या जावयाकडून बिलांचं काहीतरी करून घ्या. डॉक्टर त्याला म्हणाले, बिलांचं राहू दे, रिपोर्ट आपोआप छापून निघतील असं करून दे.

मी तिला स्पष्ट सांगितलं, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते आहेस.

"ताई," ती म्हणाली, "माझी खुर्ची राहिली आणि पोरीची चूल विझली, तर त्या खुर्चीत मला बसवेल का?"

मग जावई रोज तिच्याशेजारी स्टूल टाकून बसायला लागला. तिनं हातचं काही राखलं नाही. कुठल्या ट्रेमध्ये कुठला कागद, दोन पानं एकदम ओढली गेली तर काय करायचं, मिटताना वर्ड 'सेव्ह करू का' विचारतं तेव्हा काय सांगायचं, सगळं. त्याचा प्रोग्राम पडद्यावर काही न दाखवताच वर्ड उघडायचा, आकडे भरायचा, छापायचा आणि मिटायचा.

एक गोष्ट तेवढी तिनं सांगितली नाही, कारण ती छपाईत मोडते असं तिला वाटलंच नाही. वाईट आकडे दिसले की ती तो कागद उपडा करून बाजूला ठेवायची. माणूस आला की म्हणायची, जरा बसा, डॉक्टरांना भेटून जा. आधी डॉक्टर, मग कागद. हे तिला कोणी नेमून दिलेलं नव्हतं. डॉक्टरांना वाटायचं, माणसं आपणहून भेटायला येतात.

प्रोग्राम सुरू झाला आणि महिनाअखेरीला डॉक्टरांनी हिला निरोप म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. जिला आता कुठंच वेळेवर पोचायचं नव्हतं, तिला घड्याळ.

पुढं तिच्या अंगात ताप मुरायला लागला, वजन उतरलं. तपासणीला दुसरीकडे जायला ती तयार होईना. रिपोर्ट आणायला मी बरोबर गेले. काउंटरवरच्या मुलीनं नंबर विचारला, एक बटण दाबलं, प्रिंटरमधून पानं आली. मुलीनं ती न बघताच पुढं सरकवली आणि म्हणाली, "पुढचे."

कागद अजून गरम होता. जिनं इतकी वर्षं हेच टाइप केलं, तिला पांढऱ्या पेशींचा आकडा समजावून सांगावा लागत नाही. ती तिथंच उभ्या उभ्या वाचत राहिली. मागचा माणूस म्हणाला, जरा बाजूला होता का. ती झाली.

"पहिलं पान जाड कागदावर, दुसरं साध्यावर," घडी घालत ती म्हणाली. "चोख काम केलंय पोरानं."

ती गेल्यावर मी जावयाला उपड्या कागदांचं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"मावशी, आईंनी बोलायचं ना. एका ओळीचं काम होतं. आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की छापू नको, आधी डॉक्टरांना दाखव."

"मग आता टाक ती ओळ."

डॉक्टरांना विचारतो म्हणाला. परवा मी पुन्हा छेडलं, तेव्हा कळलं की त्यानं विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, इतक्या दिवसांत कोणाची तक्रार नाही, चाललंय ते चालू दे.