गुरुवारी बंद असणारं विद्यापीठ

मुळशीतली माझी नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण पिरंगुटच्या रस्त्यानं जाताना एक प्रकरण हमखास आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडाही नव्हता. होती ती एक पदवी आणि तिच्यामागे लागलेली एक बाई.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. मी सोलापूरकडून बदलून आलो होतो. आमचं ठाणं लहान होतं. जबाब कार्बन घालून हातानं लिहायचे, टेलिफोन लागला तर लागला. जेवणवेळी शेजारच्या घरातून आंबेमोहोराचा वास यायचा आणि भल्याभल्या हवालदारांचं लक्ष कामातून उडायचं. आज त्या दिवसांची फार आठवण येते.

एके दिवशी एका कारखान्याचे अधिकारी तक्रारअर्ज घेऊन आले. त्यांच्या हजेरी विभागातल्या एका बाईनं मनुष्यबळ विभागातल्या बढतीसाठी पदवीची गुणपत्रिका दिली होती. त्यांनी चौकशी केली, तर तसं विद्यापीठच अस्तित्वात नव्हतं. बाईला कामावरून थांबवलं होतं आणि आता तिच्यावर बनावट कागदाचा गुन्हा हवा होता. अधिकारी म्हणाले, "साहेब, लगेच अटक करा. बाकीच्यांना जरब बसेल."

मी अर्ज चौकशीवर ठेवला. दुसऱ्याची घाई आपल्या अंगाला लावून घ्यायची नाही, एवढं तोवर शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईला बोलावलं. जवळच्या चांदे गावची सून, वय तिशीच्या आसपास. नवरा कंपनीची बस चालवायचा. तो बाहेर बाकावर मान खाली घालून बसला होता. महिला शिपायाला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"गुणपत्रिका कुठून आणलीत?"

"आणली न्हाई साहेब, आली. परीक्षा दिली, मग आली."

लग्न झालं तेव्हा तिचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सुटलं होतं. कामगारांच्या रजा, फंड, हजेरी सगळं ती बघायची, पण पदवी नाही म्हणून बढतीच्या वेळी नाव मागं पडायचं. पुण्याला कॉलेजात जायला वेळ नव्हता आणि ऐपतही नव्हती. परवडेल असा ऑनलाइन कोर्स शोधता शोधता दिल्लीच्या एका विद्यापीठाच्या नावाची वेबसाइट सापडली. ऑफिस सुटल्यावर कॉम्प्युटरवर धडे उघडायचे, छापून घरी न्यायचे, ई-मेलवर शंका विचारायच्या. दोन वर्षं तिनं हे केलं होतं.

तिनं पिशवीतून ते छापील धडे काढले. पानापानावर हळदीचे डाग होते आणि पेन्सिलीच्या खुणा. मी तिथंच थोडा सैल झालो. विकतची पदवी घेणारा माणूस ओळी अधोरेखित करत बसत नाही.

"गुन्हा दाखल झाला तर माझं काय व्हईल साहेब?" तिनं विचारलं. "नोकरी तर गेलीच. पर सासरी म्या सांगितलंय, शिकतीया म्हणून. आता लोक म्हणत्यात, रातभर दिवा जाळून खोटं शिकत हुती."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून तपास पुढं सरकत नाही. मी म्हणालो, "त्या लोकांचा काही त्रास? काही खटकलं का कधी?"

"तसं काय न्हाई. एवढंच, की बुधवारी काय इचारलं, तर गुरुवारी कधीच त्यांचं उत्तर याचं न्हाई, शुक्रवारचीच तारीख असायची."

"गुरुवारीच का?"

"गुरुवारी बंदच असतं की साहेब सगळं." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू सूर्य कुठं उगवतो हेच मी विचारलं होतं.

आमचे हवालदार इथलेच. त्यांनीही मान डोलावली. गुरुवारी या भागातली लाईट जायची, म्हणून कारखान्यांची सुट्टीही गुरुवारी. ही त्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट होती, की दिल्लीचं विद्यापीठही गुरुवारी बंद असणार यात कुणालाच नवल वाटलं नव्हतं. मी परगावचा म्हणून मला खटकलं. ज्यांची लाईट गुरुवारी जाते, त्यांच्यातलाच हा कुणीतरी होता.

मग काम सोपं झालं. इंटरनेटची दुकानं तेव्हा मोजकीच होती. लवळ्याच्या रस्त्याला एक होतं, कॉलेजच्या पोरांची गर्दी असलेलं. हवालदार साध्या कपड्यात तिथं जाऊन बसले आणि पडद्यामागचा रंगीत प्रिंटर बघून आले. मालकाला चौकशीसाठी बोलावलं.

तो इस्त्रीच्या शर्टात आला आणि इंग्रजी-हिंदीची फोडणी देत बोलू लागला. "सर, मेरा कोई संबंध नहीं. मी फक्त कस्टमरला सर्व्हिस देतो." आवाज चढवला असता तर तो वकिलाकडं धावला असता. मी चहा मागवला. पाऊसपाणी, भातलावणी, त्याचं गाव, असं बोलत बसलो. बोलता बोलता त्याची हिंदी गळून गेली. मग मी सहज म्हणालो, "का रे, गुरुवारी त्या बाईंना उत्तर का देत नव्हतास?"

"लाईट नस्ती नव्हं साहेब गुरुवारी. इन्व्हर्टर किती येळ पुरणार?"

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. त्याला आपण काय बोललो ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं चहाचा ग्लास ठेवून दिला. पंचनाम्यात संगणक, प्रिंटर आणि गोल शिक्के मिळाले. फसलेल्यांत आणखी काहीजण निघाले, पण अब्रूपायी कुणी पुढं आलं नव्हतं.

खटल्यात बाई माझी मुख्य साक्षीदार होती. आरोपीच्या वकिलांनी तिला डिवचलं, "तुम्हाला अभ्यास न करता, घरबसल्या पदवी हवी होती, खरं ना?"

ती कठड्याला धरून म्हणाली, "अभ्यास केला होता साहेब. खोटं होतं ते त्यांचं होतं."

न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि ते वाक्य जसंच्या तसं नोंदवायला सांगितलं.

तोवर कंपनीनं तिला हजेरी विभागात परत घेतलं होतं, आणि तिनं सरकारमान्य मुक्त शिक्षणात पहिल्या वर्षापासून पुन्हा नाव घातलं होतं. "ह्या खेपेला आधी कचेरी डोळ्यांनी बघून आले," ती मला म्हणाली.

आरोपीचा साक्षीदार करणं म्हणजे आमच्या लेखी कागदावरचा एक शब्द बदलणं. त्यानंतर 'आरोपी' हा शब्द लिहिण्याआधी मी नेहमी थांबलो. कारण त्या दिवशी कोर्टाबाहेर तिचा नवरा भेटला, तो पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघून बोलला. म्हणाला, "साहेब, आता ती दिवा लावून बसली तरी कोण हसत न्हाई."