बारावा तुकडा

दिवाळीनंतरची गोष्ट. एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी उपग्रहाच्या चित्रांवरून एकच गोष्ट मोजत होते: पाऊस पडल्यावर हिरवळ किती दिवसांनी वाढते. बोरिवली ते दहिसर असे झाडीचे आणि गवताचे बारा तुकडे निवडले होते. अकरा तुकडे शहाण्यासारखे वागले, पावसानंतर दोनेक आठवड्यांत जास्त हिरवे झाले. दहिसरच्या नाल्याकाठचा बारावा मात्र मोठ्या पावसानंतर उलट कमी हिरवा दिसायचा.

"ढगाळ चित्रं वगळलीस ना?" गाइड मॅडमनी विचारलं.

"हो."

"मग पावसाच्या आणि चित्रांच्या तारखा चुकल्यात. सगळे तुकडे परत कर."

जमा करायला आठ दिवस उरले होते. परत करायचं म्हणजे वर्ष वाया. मी फक्त "बरं" म्हणाले. वाद घालणं मला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली. वर्षभर स्क्रीनवर पाहिलेली ती जागा घरापासून वीस मिनिटांवर होती, आणि मी एकदाही तिथे गेले नव्हते.

गवतात एक बाई विळा घेऊन बसल्या होत्या. मी मोबाइलवरचा नकाशा आणि समोरचा नाला जुळवत उभी राहिले.

"काय गं, जागा बघतेस? टॉवर येतोय काय?"

"नाही मावशी. गवत बघायला आले."

"गवत? म्हशी पाळल्यास?"

मला हसू आलं, आणि त्यामुळे पुढचं विचारता आलं. त्या पलीकडच्या तबेल्यासाठी गवत कापत होत्या.

"दर महिन्याला कापता?"

"महिना कसला! कंबरेएवढं झालं की कापायचं. पाऊस जोरात झाला की लवकर वाढतं. ठेवलं तर राठ होतं, म्हशी तोंड लावत नाहीत."

"या पावसाळ्यात कधी कापलं, आठवतं?"

"एकदा गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग घट बसायच्या आधी."

मोबाइलवर कॅलेंडर उघडलं, मग माझा आलेख. दोन्ही वेळा हिरवळ बरोबर तिथेच, कापणीनंतरच्या पहिल्या चित्रात उतरली होती. तारखा बरोबर होत्या. गवत वाढलंही होतं, पण मला दिसायच्या आत ते म्हशींनी खाल्लं होतं.

तिथूनच मॅडमना फोन लावला. एरवी मी मेसेज करते.

कापणीचं सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तो तुकडा वेगळा दाखव, कारण लिही. बाकीचं राहू दे."

फोन ठेवून मी नाल्याच्या कठड्यावर बसले. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला कोण जाणे.

"काय झालं? पास?" मावशींनी विचारलं.

"तसंच काहीतरी."

"मग ये इकडे, भाऱ्याला हात लाव."

भारा दवाने ओला होता, वाटला त्यापेक्षा बराच जड. तो त्यांच्या डोक्यावर चढवेपर्यंत माझा कुर्ता पुढून पूर्ण भिजला.